ट्रेखालचा कोरडा कागद

२ सप्टेंबर

प्रिय नळ्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही अजून आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. ही पलीकडच्या खोलीत असते, आणि जे तुला सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको. म्हणून हा कागद.

तू आठवलास तो बाकाखाली बसलेला. वर मी गुरुजींना कविता म्हणून दाखवतोय आणि खाली तू जुन्या चपलेच्या रबराचा वॉशर कापतोयस, शाळेच्या टाकीच्या तोटीला. माझी कविता संपली की वर्गानं टाळ्या वाजवायच्या आणि तुझा वॉशर बसला की टाकीनं गप्प बसायचं. आज वाटतं, दोघांत खरं काम तुझंच होतं.

आता ऐक. तीन वर्षांपूर्वी हिला झटका आला, उजवी बाजू गेली. जुनी मोरी दूर पडते म्हणून मुलीनं झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात शॉवर बसवून दिला. जमिनीला उतार मिळेना, म्हणून विटांचा वीतभर उंच चौथरा केला आणि त्यावर पांढरा ट्रे. चौथऱ्याला समोरून एक झाकण आहे. ते काढून पोटावर पालथं झालं की आत हात जातो आणि ट्रेखालचा ट्रॅप, पाणी जायची वाकडी नळी, बोटांना लागतो. तिथून गळतंय. थेंब थेंब, पण रोज.

खालच्या मजल्यावर नेमक्या त्याच कोपऱ्यात शिवणवाल्या बाईंची मशीन आहे. गिऱ्हाइकांची कापडं डागाळतात. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही.

बिल्डिंगच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली आहे. ३० तारखेपर्यंत गळती थांबली नाही, तर एक तारखेपासून आमची खोली फोडून सगळी जमीन नव्यानं करायची. दीड महिन्याचं काम. मुलगी दूर असते, तिनं लगेच एका शुश्रूषा सदनात जागा धरून ठेवली. "बाबा, दीड महिन्याचाच तर प्रश्न आहे." नळ्या, समोरच्या जिन्यातले मास्तर अशाच एका सदनात पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले होते. मागच्या महिन्यात त्यांचा पलंग खाली उतरवताना मी खिडकीतून पाहिला.

दोन प्लंबर येऊन गेले. पहिल्यानं वरून जाळीभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढली. दुसऱ्यानं बॅटरी मारून आत बघितलं आणि "फोडा" एवढंच म्हणाला.

तू सांगशील तसं मी करीन. तीस तारखेच्या आत.

तुझा,
कविराज


६ सप्टेंबर

कविराजास,

अक्षर सुनेचं आहे, शिव्या माझ्या आहेत. माझे हात आता कप उचलला की बशी वाजवतात, तेव्हा लिहिणं बंद. मी बोलतो, ती लिहिते. तुझी पत्रंही तीच कानाशी तोंड आणून वाचून दाखवते. काय लिहायचं ते जपून लिही. येऊ शकलो असतो तर हे लिहीत बसलो नसतो, निघालो असतो.

वरून रेघ ओढणाऱ्याला प्लंबर म्हणू नकोस. वरून सिलिकॉन लावणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला इस्त्री करणं. नीट ऐक.

झाकण काढ. ट्रेखाली ट्रॅपची मोठी चकती-नट लागेल, ती डावीकडे फिरवून सोडव. वरची जाळीची कॉलर, म्हणजे जाळीभोवतीचं कडं, हातात येईल. जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवड, एक कण ठेवू नकोस. स्पिरिटनं पुस. पूर्ण सुकू दे. मग कॉलरच्या खालच्या बाजूला सिलिकॉनची एकच सलग रेघ, बोटाएवढी नाही, काडीएवढी. रबरी वॉशर ट्रेच्या खालून बसतो, तो कोरडाच ठेव. त्याला सिलिकॉन लावलंस तर तो घसरेल. नट हातानं घट्ट कर आणि वर पाव आटा, म्हणजे पाव फेरी. जोर दाखवायला जाऊ नकोस, प्लॅस्टिक आहे, चिरेल. चोवीस तास पाणी नाही.

मग ट्रॅपखाली वर्तमानपत्राचा कागद पसर, जाळी बंद करून ट्रे भर, तासभर थांब, एकदम सोड. कागद खोटं बोलत नाही.

वहिनींना नमस्कार.

नळ्या

(काका, मी सून. "गाढवा" तीनदा होतं, तिन्ही गाळले.)


१३ सप्टेंबर

प्रिय नळ्या,

केलं. सगळं तू सांगितलंस तसं. त्या पाव आट्याला माझा श्वास थांबला होता. परीक्षेत शेवटचं कडवं आठवेनासं झालं की व्हायचं तसं.

चोवीस तासांनी कागद पसरला, ट्रे भरला, सोडला. पाणी गुडगुड करत गेलं, जणू घशाखाली औषध. मी पालथा होऊन बघतो तर कागद कोरडा! अक्षर न अक्षर वाचता येत होतं. मी तिथंच पडून भाजीपाल्याचे भाव मोठ्यानं वाचले आणि ही पलंगावरून हसली. किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची अंघोळ झाली. कागद लगदा झाला होता.

मी पुन्हा बादल्या ओतल्या. कोरडा. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंघोळ. ओला. आणि तेवढ्यात दार वाजलं. शिवणवाल्या बाई, हातात टेप तशीच लटकलेली.

"आजोबा, रोज सकाळी वर बगळा-बगळा म्हणत पाणी उडवता तुम्ही, आणि छप्पर माझं गळतं!"

"दुरुस्ती चालू आहे हो."

"सहा महिने मी ते गाणं ऐकतेय. आता मला पाठ झालं. बाकी सगळं सहन केलं, पण आज एका मुलीच्या लग्नाच्या कपड्यावर डाग पडला. तिला मी काय सांगू? वर बगळा होता म्हणून?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही. नळ्या, सतरा दिवस राहिले.

तुझा,
कविराज


१७ सप्टेंबर

कविराजास,

बादलीनं ओतलं तर कोरडा, अंघोळ केली तर ओला. मग तुझा सांधा पाण्यानं गळत नाही, माणसानं गळतोय. वजन आलं की ट्रे मध्ये दबतो, ट्रॅप मात्र पाइपाला जखडलेला, तो हलत नाही. दोघांच्या ओढाताणीत सिलिकॉन सुटतं.

वहिनी अंघोळ कशी करतात ते सांग. स्टुलावर बसतात? स्टुलाचे चार पाय चार खिळ्यांसारखे टोचतात. स्टुलाखाली ट्रेच्या मापाची फळी घाल, वजन पसरेल. सांधा नव्यानं कर, फळी घाल, आणि कळव.

आणि बगळा कोण?

नळ्या

(काका, हे विचारायला मीच बाबांना सांगितलं. — सून)


२१ सप्टेंबर

प्रिय नळ्या,

हो, ती स्टुलावर बसते. मी बाहेर उभा राहून तांब्यानं पाणी घालतो. बगळा म्हणजे तिसरीच्या पुस्तकातली कविता. मला सकाळी गुणगुणायची सवय आहे, तुला माहीतच आहे. त्या पुस्तकाच्या पानाला एक वास होता, खळीचा आणि ओल्या लाकडाचा. तसा वास आता कुठल्या पानाला येत नाही. तू त्या चित्रातल्या बगळ्याला मिशा काढल्या होत्यास आणि छडी मी खाल्ली होती.

सांधा पुन्हा केला. फळी घातली. चोवीस तास थांबलो.

कागद ओला.

काल दुपारी खालच्या बाईंच्या छताचा पोपडा पडला, ताटाएवढा. त्या मशीनवर नव्हत्या म्हणून वाचल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट. पोपडा त्यांनी वर आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेल्या. सेक्रेटरींचा माणूस येऊन खोलीची मापं घेऊन गेला. मुलीचा फोन आला, सदनात हिचं नाव लिहून झालंय, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून ती आनंदानं सांगत होती. मी "वा" म्हटलं.

हिला अजून काही सांगितलेलं नाही. पण माप घेणाऱ्या माणसाकडे ती ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून तिला कळलंय.

दिवसातून चार वेळा मी त्या झाकणापाशी पालथा पडतो आणि त्या ट्रॅपला चक्क विनवतो. नऊ दिवस, नळ्या.

कविराज


२३ सप्टेंबर

कविराजास,

हे कुरिअरनं पाठवतोय.

वहिनी किती किलोच्या? चाळीस, पंचेचाळीस. खाली फळी. तेवढ्यानं ट्रे दबत नाही. चाळीस वर्षं मी ट्रे बसवले. शंभराच्या वर वजन आल्याशिवाय असा सांधा दोनदा सुटत नाही. तू माझ्याशी खोटं बोलतोयस. बाकावर बोललास तर चालायचं, तिथं छडी तुझी तू खायचास. इथं खोट्या मापानं मी तुला खोटं औषध देतोय आणि दिवस चाललेत.

त्या ट्रेत काय होतं ते लिही. नाहीतर मला पत्र लिहू नकोस.

नळ्या


(त्याच पाकिटात, वेगळ्या घडीत)

काका,

हा कागद मी बाबांना वाचून दाखवलेला नाही.

माझी आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. आधी ती स्टुलावर बसायची. मग एका बाजूला घसरायला लागली. मग मीच कपडे काढून तिच्याबरोबर पाण्यात उभी राहायचे, तिचे हात माझ्या गळ्यात. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. लाज नव्हती वाटत. सांगितलं असतं तर लोकांनी उपाय सुचवले असते, आणि सगळ्या उपायांचं टोक एकच असतं.

तुमची पत्रं मी वाचते म्हणून तुम्ही खरं लिहीत नाही, हे मला त्या स्टुलाच्या पत्रातच जाणवलं. तुम्ही आत उतरता ना, काका? लिहा. मी वाचून दाखवीन, आणि माझा आवाज अडखळणार नाही.

तुमची,
सून


२५ सप्टेंबर

प्रिय नळ्या, आणि प्रिय सूनबाई,

स्टूल मार्चपासून माळ्यावर आहे.

ती बसू शकत नाही. उजव्या अंगाला कलते आणि मग थांबत नाही. तेव्हा मी तिला काखेत धरून ट्रेत आणतो, स्वतः आत उभा राहतो, तिचा चांगला हात माझ्या गळ्यात. तिची पावलं माझ्या पावलांवर. तसं केलं तरच ती घसरत नाही. माझं वजन एकसष्ट किलो, तिचं बेचाळीस. फळी मी घातलीच नव्हती, फळीवर आमचा पाय सरकतो. फळी दाराआड उभी आहे.

मुलीला यातलं काही माहीत नाही. तिला मी स्टूल सांगितलंय, बाहेर उभा राहून तांब्या सांगितलाय. तुलाही तेच पाठवलं, शब्दाला शब्द. खरं कळलं तर ती म्हणेल, बाबा तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे, दोघंही पडाल. आणि ती बरोबर म्हणेल. एप्रिलमध्ये आम्ही पडलो होतो. पाऊण तास पाण्यात बसून होतो. नंतर मुलीला मी म्हटलं, बेसिनवर कोपर आपटलं.

आता बगळा. झटक्यानंतर ही बोलत नाही. मला हाक मारत नाही, पाणी मागत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं. पण एकदा पाण्याखाली तिची भीती जावी म्हणून मी म्हणालो,

ओढ्याकाठी उभा बगळा,
पाण्यामध्ये दिसे...

आणि माझ्या खांद्यावरून ती म्हणाली, "वेगळा."

नळ्या, अडीच वर्षांनी तिचा आवाज. मी पुढची ओळ म्हटली,

वारा येता हलते छाया,
बगळा जाई तिला...

"धराया," ती म्हणाली.

पलंगावर म्हटलं तर नुसती बघते. खुर्चीत नाही, खिडकीशी नाही. फक्त तिथं, पाणी अंगावर पडत असताना, दोघं उभी असताना. दिवसातून चार-पाच शब्द, यमकाचे. बाकी चोवीस तास मी त्याच्यावर काढतो. सदनात तिला कोण स्वच्छ धुणार नाही असं नाही, धुतील. पण ओळ अर्धी सोडून कोण थांबेल?

हे सगळं एका रबरी वॉशरवर येऊन अडकलंय. मी आयुष्यभर कवितेच्या मागं होतो आणि ती शेवटी एका ट्रॅपमध्ये सापडावी, याला काय म्हणू.

पाच दिवस. हे खरं माप. आता औषध दे.

कविराज


२७ सप्टेंबर

कविराजास,

सुनेनं सगळं वाचलं. अडखळली नाही. मी अडखळलो.

औषध. दोघांच्या वजनाखाली दबलेल्या ट्रेलाच सांधा करायचा, म्हणजे नंतर ओढ बसत नाही. पण त्याआधी ट्रे कुठं दबतो ते शोधायला हवं, आणि ते सामानानं कळत नाही. सामान हलत नाही, माणूस हलतो. रोज उभे राहता तसं दोन माणसांना ट्रेत उभं कर. त्यांनी या पायावरून त्या पायावर व्हायचं. तू खाली पालथा. ट्रेच्या पोटाला बोट लाव, जिथं बोट चिमटेल तिथं विटेचा तुकडा सिमेंटच्या गोळ्यावर ठासून बसव. बहुतेक मध्ये, ट्रॅपच्या मागं सापडेल, तिथं बसवणाऱ्यानं टेकू दिलेलाच नसणार. मग ट्रॅपचा पाइपाकडचा सांधा सैल कर, माणसं वर असतानाच नट आवळ, मग पाइप आवळ. माणसं उतरली की लगेच तेवढंच वजन ट्रेत ठेव, सिलिकॉन सुकेपर्यंत.

तू खाली असणार, म्हणजे वहिनींना धरायला दुसरं माणूस लागेल. कोण, ते तू बघ. तुला कुणाला तरी सांगावंच लागेल, मित्रा. इथं माझा पाना पोचत नाही.

नळ्या


३० सप्टेंबर

प्रिय नळ्या,

तुझं पत्र परवा सकाळी हातात पडलं. माणूस कुठून आणू? तासभर दारात उभा राहिलो. मग पोपडा उचलला, तो अजून उंबऱ्याशीच होता, आणि खाली गेलो.

बाई मशीनवर होत्या. मशीन आता खोलीच्या मध्यावर ओढली आहे, वर प्लॅस्टिक बांधलंय.

"बोला."

"तुम्ही आमच्या ट्रेत उभ्या राहाल का?"

त्यांनी चष्मा काढला. "आजोबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि चपला घातल्या.

वर येऊन त्यांनी बाह्या दुमडल्या. हिला मी नेहमीसारखं काखेत धरून आणलं आणि त्यांच्या हवाली केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिची पावलं त्यांच्या पावलांवर ठेवली. ही थरथर कापायला लागली. मी पालथा झालो, हात आत घातला.

"हला ना जरा."

"नाचू का आता?"

"या पायावरून त्या पायावर."

"अहो, या पडतील! घाबरल्यात त्या!"

मला वर बघता येईना. बोट ट्रेच्या पोटाला लागलेलं, तू म्हणालास तिथंच, ट्रॅपच्या मागं, ते चिमटायला लागलं होतं. सोडता येईना. मी ओरडलो, "धरा, धरून ठेवा!" आणि वरून बाईंचा आवाज आला, शिवणाच्या मशीनसारखा एका सुरात,

"ओढ्याकाठी उभा बगळा, पाण्यामध्ये दिसे... आजी, म्हणा की. दिसे..."

"वेगळा."

पाणी नव्हतं, नळ्या. मी नव्हतो. तरी ती म्हणाली.

मी तिथंच गाल जमिनीला टेकून पडलो. खोटं लिहीत नाही: आधी टोचलं. इतके दिवस वाटत होतं, ते शब्द माझ्या गळ्यातल्या हाताला फुटतात. मग वीट ठासली. नट आवळला, पाव आटा. पाइप आवळला. वजन म्हणून माझी पुस्तकं ट्रेत भरली, तीन पेट्या, बाईंनी आपला वजनकाटा आणून तोलून दिल्या. कपाट रिकामं झालं.

पण त्याआधी एक झालं. मला उठता येईना. पालथा पडलो तो पडलोच, कंबर ऐकेना. बाई एका हातानं हिला धरून, दुसऱ्यानं मला ओढतायत. हिला पलंगावर टेकवून मग मला उठवलं. पाऊण तास लागला. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे रोज एकटे करता?"

मी मान हलवली.

"मी तुमच्या मुलीला सांगणार नाही. तुम्ही सांगा."

आज सकाळी पुस्तकं काढली. हिला आणलं, आम्ही दोघं उभे राहिलो, पाणी सोडलं. बाई पालथ्या पडून कागदाकडे बघत होत्या. दहा मिनिटं. "कोरडा," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. सेक्रेटरी येऊन स्वतः कागद हातात घेऊन गेले. उद्याचं फोडणं रद्द.

मला आनंदानं ओरडायला हवं होतं. पण मी तिला धरून उभा होतो आणि माझेच गुडघे लटपटत होते. ट्रे हलत नव्हता, मी हलत होतो. हे मी आधी कधी मोजलंच नव्हतं.

दुपारी मुलीला पत्र लिहिलं. फोन केला असता तर पुन्हा स्टूलच सांगितलं असतं. लिहिलं: आई उभी राहत नाही, मी आत उतरून धरतो. तिथं ती माझ्याबरोबर कवितेतला एखादा शब्द बोलते. एप्रिलमध्ये पडलो होतो. मला एकट्याला आता जमत नाही. पाकीट पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून ते परत मिळतंय का बघितलं. मिळालं नाही.

तुझा,
कविराज


९ ऑक्टोबर

प्रिय नळ्या,

आठ दिवस मुलीकडून काही नाही. फोनही नाही. मी हिच्यासाठी दोन लुगडी, टॉवेल, कंगवा अशी एक पिशवी भरून दाराशी ठेवली होती. म्हटलं, न्यायला आले तर धावपळ नको.

आज पत्र आलं. सदनातली जागा तिनं सोडलेली नाही. रागावली आहे, एप्रिलबद्दल फार. खाली एक ओळ आहे, ती तशीच उतरवतो: "मी रविवारी महिन्याभरासाठी येते आहे. पुढचं तिथं बघू. आईला धरायला मी आत उतरणार, पण तुमच्याशिवाय ती बोलणार नाही असं तुम्हाला वाटतं, तर तुम्हीही या. तिघांचं वजन चालेल का, ते नळ्याकाकांना विचारून ठेवा. माझं अठ्ठावन्न आहे."

चालेल का?

कविराज


१२ ऑक्टोबर

कविराजास,

चालेल. कडेला अजून एक वीट लाव, डाव्या कोपऱ्यात. सुकायला दोन दिवस जातात, म्हणून आजच लाव. पालथा तू होऊ नकोस, बाईंना सांग.

नळ्या